पुढचा घडीचा चाकू कोणता? मुंबईच्या हवेत संग्रह वाढवताना

संग्रहात पाच-सहा घडीचे चाकू जमले की एक गोष्ट हमखास होते. नवा चाकू नावाने आणि रंगाने वेगळा असतो, पण उघडून पाहिला तर आधीच्या तिसऱ्या चाकूहून फारसा वेगळा निघत नाही. तेच साडेसात सेंटीमीटरचं पातं, तोच लाइनर लॉक, तशीच काळी जी-१०ची (काचतंतू आणि रेझिनच्या पत्र्याची) मूठ. पैसे जातात आणि संग्रह होता तिथेच राहतो. म्हणून पुढच्या चाकूचा शोध दुकानात जाण्याआधी स्वतःच्या खणापासून सुरू करावा.

कागदावर प्रत्येक चाकूसमोर चार गोष्टी लिहा: उघडलेलं पातं कशाच्या जोरावर उभं राहतं, स्टील कोणतं, पात्याची जाडी किती, मूठ कशाची. ज्या रकान्यात एकच उत्तर तीन-चारदा आलं, तिथली खरेदी आता पुरे. जे उत्तर एकदाही आलेलं नाही, ते पुढच्या खरेदीचं. मुंबईत राहणाऱ्याने यात स्टीलच्या रकान्याला सगळ्यांत जास्त वजन द्यावं. धार किती दिवस टिकते यापेक्षा जुलैच्या हवेत पातं कसं वागतं हा इथला पहिला प्रश्न आहे, आणि तो बहुतेक जण शेवटी विचारतात.

कायदा आधी पाहून घ्या

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत पहिल्या अनुसूचीतला पाचवा वर्ग धारदार शस्त्रांचा आहे. त्यात तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. खिशातल्या चाकूचं पातं साधारण ६ ते १० सेंटीमीटरचं, म्हणजे ४ इंचांच्या आतलं असतं. घरी संग्रह ठेवताना या मापाची अडचण येत नाही.

अडचण येते ती घराबाहेर. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी शस्त्रं, लाठ्या, चाकू बाळगायला मनाई करू शकतात, आणि मुंबईत असे आदेश वरचेवर निघतात. कलमात चाकू एवढाच उल्लेख आहे, पात्याची लांबी दिलेली नाही. म्हणजे तीन इंचांचा देखणा स्लिपजॉइंटही (लॉक नसलेला साधा घडीचा चाकू) त्यात बसतो. आदेश मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. तेव्हा मुंबईत चाकू खिशात घेऊन फिरू नये, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. विकत घेऊन घरी नेताना तो डब्यात, बंद पिशवीच्या तळाशी आणि बिलासोबत असावा. मेट्रोत पिशव्या तपासल्या जातात, तिथे नेऊच नये. विमानात केबिनमध्ये चालत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून ठेवावा लागतो. दिल्लीला नेणार असाल तर आणखी जपा: १९८० च्या अधिसूचनेनुसार तिथे बटणाचे, गरारीदार (उघडताना दात्यांवर करकरणारे) किंवा इतर यांत्रिक रचनेने उघडमीट होणारे ७.६२ सेंटीमीटर लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याचे चाकू शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत येतात.

याचा निवडीशी थेट संबंध आहे. बटण दाबताच स्प्रिंगने पातं बाहेर फेकणारा चाकू कितीही मोहात पाडत असला, तरी तो सीमाशुल्कापासून पोलिसांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर प्रश्न उभे करतो. संग्रह लहान असताना त्याच्या मागे लागू नये.

पातं कशाच्या जोरावर उभं राहतं

संग्रहात विविधता आणायला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त शिकवणारा रकाना हाच.

अगदी साधी रचना म्हणजे निव्वळ घर्षणावर चालणारा चाकू. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी याचा नमुना. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक रिव्हेट आणि पात्याला मागे आलेली छोटी शेपटी. काम करताना अंगठा त्या शेपटीवर दाबून धरायचा, तोच त्याचा लॉक. रिव्हेट सैल झाली तर लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हलकेच ठोकतात. एक ठोका जास्त पडला तर पातं जाम होतं, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर उघडून पाहायचं.

त्यानंतर स्लिपजॉइंट. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडावर दाब देते. लॉक नसतो, उलट्या बाजूने जोर दिला की पातं मिटतं. व्हिक्टोरिनॉक्सचे ८४ आणि ९१ मिलिमीटरचे चाकू याच जातीचे. कार्ल एल्सेनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये ऑफिसर्स नाइफची नोंदणी केली. चांगला स्लिपजॉइंट ओळखायची एक खूण आहे. पातं बंद, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं अशा तिन्ही अवस्थांत पाठीवरून नख फिरवा. उत्तम कामात स्प्रिंग तिन्ही वेळा मुठीच्या पातळीत राहते, साध्या कामात अर्ध्या अवस्थेत वर उचलली जाते. मग दिव्यासमोर धरून स्प्रिंग आणि आतल्या पत्र्यांमधून उजेड येतो का ते पाहा. जिथून उजेड येतो तिथून पावसाळ्यात दमटपणाही शिरतो. यात आणखी एक दोष असतो जो दुकानात लक्षात येत नाही: पातं झटक्यात मिटलं की धार आत स्प्रिंगवर आपटते आणि धारेवर एकाच जागी चपटा ठिपका पडतो. धारेवर नखाची कडा हलक्या हाताने, लांबीच्या दिशेने सरकवली तर ती त्या जागी अडखळते.

लॉकबॅकमध्ये पाठीवरच्या दांडीचं टोक पात्याच्या खाचेत बसतं. बक कंपनीच्या ११० या मॉडेलने १९६४ पासून हा प्रकार घरोघरी नेला. भक्कम आहे, पण खाचेत कापडाचे तंतू किंवा माती साचली की दांडी पुरती खाली बसत नाही आणि लॉक बसल्यासारखा वाटूनही निसटतो. जुन्या पद्धतीचे लॉकबॅक रिव्हेटने बंद केलेले असतात, उघडून आतून पुसता येत नाहीत. मुंबईत हा मोठा तोटा आहे.

लाइनर लॉक आज सगळ्यांत जास्त दिसतो. त्याचं आजचं रूप मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. मुठीच्या आतला पत्रा एका बाजूने कापून वाकवलेला असतो. पातं उघडताच तो सरकून पात्याच्या बुडामागे उभा राहतो. नव्या चाकूत हा पत्रा बुडाच्या रुंदीच्या साधारण चतुर्थांश ते निम्म्यापर्यंत गेलेला असावा. जेमतेम कडेला टेकत असेल तर जोर पडल्यावर सटकेल. आधीच पलीकडच्या टोकाला पोचला असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. क्रिस रीव्ह यांनी सेबेन्झा या चाकूत पत्र्याऐवजी मुठीची अख्खी बाजूच कापून लॉक केला, तो फ्रेम लॉक. तिथे मुठीचं टायटॅनियम पात्याच्या पोलादाला चिकटून लॉक अडकण्याची तक्रार असते. लॉकच्या तोंडावर पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा ती जाते. लॉकच्या टोकाला पोलादी तुकडा बसवलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्यावं.

आडव्या दांड्याचा लॉक बेंचमेड कंपनीने अॅक्सिस या नावाने आणला. रचना बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांची. बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येतच नाही आणि डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखाच सोपा. नाजूक भाग म्हणजे आतल्या ओमेगा आकाराच्या दोन बारीक तारा. त्या वापराने थकून तुटतात. एक तुटली तरी दुसरीवर काम चालतं, पण दाब कमी झाल्याचं जाणवतं. तार बदलता येते, म्हणून खरेदीआधी सुट्या तारा मिळतील का हे विचारून ठेवावं.

आणि ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्वा भागात हा चाकू बनवला. फिरणारी पोलादी कडी १९५५ मध्ये आली. पातं उघडून कडी फिरवली की खाच बंद होते. आठ नंबरचं पातं ८.५ सेंटीमीटरचं. मूठ बीच लाकडाची, आणि मुंबईचा पाऊस सुरू झाला की हे लाकूड फुगून पात्याला असं आवळतं की नखाने पातं निघत नाही. जोर लावून ओढू नका, बोट कापतं. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, पातं थोडं पुढे येतं. कायमचा उपाय करायचा तर कोरड्या महिन्यांत, एप्रिलच्या सुमारास, सांध्याजवळचं लाकूड आतून बारीक पॉलिश पेपरने किंचित घासून त्यात जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवावं. पावसात घासलं तर लाकूड आकसल्यावर सांधा सैल पडतो.

पातं ज्या आसावर फिरतं तिथे फॉस्फर-ब्राँझच्या चकत्या असतात किंवा बारीक गोळ्यांचं बेअरिंग. बेअरिंगवाला चाकू झुळकन उघडतो आणि दुकानात तोच मन जिंकतो. पण गोळ्यांच्या मध्ये धूळ आणि ओल अडकते, आणि गोळ्या साध्या पोलादाच्या असतील तर गंजतात. दोन्ही प्रकार संग्रहात असावेत. एकच घ्यायचा असेल तर इथल्या हवेसाठी चकत्यांचा बरा.

स्टील: टक्केवारी पाहून फसू नका

पोलादात क्रोमियम असलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि गंज रोखला जातो. यावरून लोक सरळ हिशेब मांडतात: क्रोमियम जास्त, गंज कमी. डी२ या स्टीलमध्ये सुमारे १२% क्रोमियम असतं, मग ते जवळजवळ स्टेनलेस असणार. आणि मग डी२ चा चाकू मुंबईत एका पावसाळ्यात ठिपक्यांनी भरतो.

कारण असं की डी२ मध्ये कार्बनही भरपूर, सुमारे १.५% असतं. कार्बन क्रोमियमला पकडून त्याचे कठीण कण, म्हणजे कार्बाइड, बनवतो. हे कण धार टिकवतात, पण त्यांत अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला उरत नाही. पगार मोठा, पण बराचसा हप्त्यांत गेलेला, अशी ही गत. गंज रोखतं ते फक्त सुटं राहिलेलं क्रोमियम. उलट उदाहरण मॅग्नाकटचं. लॅरिन थॉमस यांनी रचलेलं हे स्टील २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम फक्त १०.७% आहे, डी२ पेक्षाही कमी. पण कार्बन अशा बेताने ठेवला आहे की तो व्हॅनेडियम आणि नायोबियमबरोबर बांधला जातो आणि क्रोमियम जवळजवळ सगळं सुटं राहतं. म्हणून गंजाच्या बाबतीत मॅग्नाकट डी२ च्या कितीतरी पुढे आहे.

हे एकदा समजलं की पेटीवरचे आकडे वाचता येतात. १४सी२८एन मध्ये कार्बन ०.६२%, क्रोमियम १४% आणि थोडा नायट्रोजन. कार्बन कमी म्हणून क्रोमियम मोकळं. धार लावायला सोपं, दमट हवेत विश्वासू, आणि मध्यम किमतीच्या चाकूंत सहज मिळतं. मुंबईकराच्या संग्रहात एकही १४सी२८एन नसेल तर पुढचा तोच असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एलसी२००एन मध्ये तर कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो. समुद्रकाठच्या वापरासाठीच ते निवडलं जातं, स्पायडर्को कंपनीच्या सॉल्ट मालिकेतल्या काही चाकूंत ते होतं. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील मऊ, सुमारे ५६ रॉकवेलचं (रॉकवेल हे कठीणपणाचं माप). धार लवकर बोथट होते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते आणि गंजाची काळजी जवळजवळ नाही.

कार्बन स्टीलचा निदान एक चाकू मात्र संग्रहात हवाच. १०९५ किंवा ओपिनेलचं एक्ससी९० घ्या. यांत साधारण ०.९% कार्बन असतो, क्रोमियम नसल्यासारखं. अशा चाकूने कैरी चिरली की पातं काही मिनिटांत निळसर-राखाडी पडतं आणि फोडीलाही लोखंडाची किंचित चव लागते. तो राखाडी थर गंज नव्हे. तो बसू द्यावा, त्यानंतर पात्याचा रंग स्थिरावतो. लाल-तपकिरी पावडर दिसली तर तो गंज, तो तेल आणि बारीक स्टील वूलने लगेच काढावा. वरळी, दादर, वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं: हवेतली आर्द्रता साधारण ६०% च्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि मिठाचा अंश पृष्ठभागावर बसला असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही. बोटांच्या घामातही मीठच असतं. पात्यावर उमटलेला गंजाचा पहिला ठिपका बहुतेकदा कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा असतो.

महागड्या स्टीलचा एक छुपा खर्च सांगायला हवा. व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या, अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. एस३०व्ही किंवा एम३९० सारखं स्टील घेतलं तर डायमंड प्लेटही घ्यावी लागते. नाहीतर दगड झिजतो आणि धार गुळगुळीत होऊनही कापत नाही.

जाडी

या रकान्याकडे सहसा कुणी बघत नाही, म्हणून तो बहुतेक संग्रहांत एकसुरी असतो. पात्याच्या पाठीची जाडी कॅलिपरने मोजा. ओपिनेल आठ नंबरची सुमारे १.७ मिलिमीटर भरते. आजच्या अनेक दणकट चाकूंची ३ ते ४. जाड पातं पेरूत शिरतं आणि फोड कापण्याआधी ती फाडतं. धारेच्या लगेच मागे ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडी असेल तर चाकू कापण्यात सुखद असतो. तुमचे सगळेच चाकू ३ मिलिमीटरच्या वर असतील तर पुढचा पातळ पात्याचा घ्या. तेच स्टील, तीच धार असूनही तो वेगळाच चाकू वाटेल.

मूठ, आणि तिच्यातले दोन धोके

जी-१०, मायकार्टा (रेझिनमध्ये दाबलेलं कापड किंवा कागद), अॅल्युमिनियम, टायटॅनियम यांना मुंबईत फारसं काही होत नाही. लाकूड फुगतं आणि आकसतं, पण सांभाळता येतं. खरा प्रश्न जुन्या चाकूंच्या मुठींचा आहे.

पहिला धोका कायद्याचा. जुन्या चाकूंना सांबराच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली या दोन्हींच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे आणि चाकू जुना आहे हे उत्तर पुरत नाही. विक्रेता ‘स्टॅग’ म्हणाला आणि मूठ खरोखर शिंगाची दिसली तर हात लावू नका. गुराच्या हाडाची, खोबणी कोरून रंगवलेली मूठ चालते. हाडावर भिंगाखाली बारीक काळपट छिद्रं आणि रेघा दिसतात. खात्री होत नसेल तर तो चाकू सोडून द्यावा.

दुसरा धोका सेल्युलॉइडचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ चाकूंच्या रंगीत, मोत्यासारख्या चमकणाऱ्या मुठी त्याच्या असतात. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते जुनं झालं की नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं, हवेतल्या ओलाव्यात त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि तेच आम्ल शेजारच्या दहा चाकूंना गंजवतं. मूठ घासल्यावर कापराचा वास येणं, पृष्ठभागावर जाळीदार भेगा, पितळी खिळ्यांभोवती हिरवट थर, ही लक्षणं. असा चाकू घ्यायचा तर घ्या, पण बाकीच्यांपासून लांब, उघड्या हवेत आणि उष्णतेपासून दूर ठेवा. हा पदार्थ भराभर पेटतो.

चोरबाजारातला जुना चाकू

मटण स्ट्रीटवर जुने चाकू अजूनही निघतात. शुक्रवारी जुम्मा बाजार भरतो, तेव्हा रस्त्यावर पसरलेल्या ढिगांत पाहावं. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचं नाव आपल्याकडे इतकं चालायचं की नकलाही त्याच नावाने झाल्या. खऱ्यावर चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही खूण असते, ठसा खोल आणि अक्षरं सरळ ओळीत असतात. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे ‘इंग्लंड’ असा शब्द असलेला चाकू बहुधा त्यानंतरचा. झोलिंगन हे नावही जर्मनीत कायद्याने राखीव आहे, पण मुंबईच्या फुटपाथवर त्या कायद्याचा उपयोग नाही. ठसा आणि काम दोन्ही पाहावं.

झिजलेलं पातं कसं ओळखाल? चाकू मिटा आणि टोक मुठीच्या बाहेर डोकावतंय का पाहा. धार लावून लावून पातं अरुंद झालं किंवा बुडाजवळचा उंचवटा झिजला की असं होतं. दोन पाती असतील तर दोघांच्या बुडावरचे ठसे एकाच कारखान्याचे आहेत ना, तेही बघा. आरशासारखी चकचकीत जुनी पाती टाळावीत: पॉलिशच्या चाकाने गंजासोबत ठसा आणि कडाही गेलेल्या असतात, आणि धातू तापला असेल तर पातं मऊही पडलेलं असतं.

भारतीय कामाचा रकाना रिकामा असेल तर कच्छमधल्या रेहा गावांचे घडीचे चाकू आणि सुड्या (अडकित्ते) शोधाव्यात. रामपुरी हा इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा, पण खटक्याचा आणि गरारीचा असल्याने कायद्याच्या कात्रीत सर्वांत आधी सापडणारा. घेतलाच तर घराबाहेर काढू नये.

परदेशातून मागवताना

शुल्क चाकूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं: सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार, मग आयजीएसटी. विक्रेत्याला ‘भेट’ लिहायला सांगू नका. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, आणि खोटी नोंद पकडली गेली तर पार्सल जातं. घडीच्या चाकूचा शुल्क क्रमांक ८२११ ९३ आहे. विक्रेत्याला बिलावर तोच क्रमांक आणि पात्याची लांबी लिहायला सांगावी.

पार्सल आलं की परत पाठवायची मुदत संपण्याआधी तपासा. मिटल्यावर पातं मध्यभागी आहे का. उघडून टोक हलकेच वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवलं तर खडखड जाणवते का. डाव्या-उजव्या हालचालीचा दोष आसाचा स्क्रू किंचित आवळून जातो. वर-खाली हालचाल लॉकमधली असते, ती घरी दुरुस्त होत नाही. पाठ टेबलावर जोरात आपटून लॉक तपासायची पद्धत काही जण सांगतात. ती करू नये, चांगला लॉकही त्याने बिघडतो. स्क्रू बहुतेक टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे), टी६ आणि टी८ मापाचे असतात. नागदेवी स्ट्रीटवर चांगल्या पोलादाचे बिट मिळतात, स्वस्त बिटने टी६ ची खाच एकाच फिरकीत गोल होते. स्क्रू परत लावताना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक बारीक थेंब पुरतो. लाल लावू नका, पुन्हा उघडायला तापवावं लागेल.

ठेवायचं कसं

कातडी म्यानात घालून ठेवू नये. कातडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली आम्लं-क्षार पात्याला डाग पाडतात. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत नारिंगी सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५०% ठेवावी. त्याहून कोरडं झालं तर लाकूड आणि हाड तडकतात. जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास सुकवा. तेल शिलाई मशीनचं, पात्यावर एक थेंब पसरवून पुसून टाकायचं. खोबरेल लावू नका, ते खवट होऊन चिकट थर बनतो. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून प्रत्येक सांधा पाहावा, विशेषतः स्लिपजॉइंटच्या स्प्रिंगचा आतला भाग.

आता पुन्हा त्या कागदाकडे. व्हिक्टोरिनॉक्स, दोन लाइनर लॉक आणि एक डी२ चा फ्रेम लॉक असेल, तर पुढे १४सी२८एन मधला आडव्या दांड्याचा चाकू घ्यावा. सगळेच आधुनिक आणि स्क्रूचे असतील, तर कार्बन स्टीलचा ओपिनेल किंवा हिगोनोकामी. सगळेच जाड असतील, तर दोन मिलिमीटरच्या आतला कुठलाही. आणि चारही रकाने भरलेले असूनही त्यांतल्या निम्म्या चाकूंनी कागद सरळ कापला जात नसेल, तर या वेळी चाकू न घेता १००० आणि ३००० ग्रिटचा दुहेरी दगड घ्या, बाजूला १७ ते २० अंशांचा कोन धरायला शिका, आणि व्हिक्टोरिनॉक्सपासून सुरुवात करा.